चामड्याचं बोट

रविवार, २३ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, राग आला की ओरडायचं नाही, वहीत लिहायचं. आणि पान संपताना आभार मानावेत अशी एक तरी गोष्ट लिहायची. म्हणे रक्तदाब उतरतो. दोन महिने लिहितेय. रक्तदाब आहे तिथेच आहे, वही मात्र अर्धी भरली.

आज मला मतदानाच्या खोलीतून हाकलून दिलं.

एकसष्ट वर्षांची झाले, पण स्वतःच्या हाताने कधी मत दिलेलं नाही. जुन्या राजवटीत हम्मादी, माझा नवरा, दोघांची कार्डं घेऊन जायचा आणि मोहल्ल्याचा मुकादम पुढचं बघून घ्यायचा. मी घरी कुसकुस वाफवत असायचे आणि तिकडे माझं मत पडलेलं असायचं. तीन वर्षांपूर्वी क्रांतीनंतरची पहिली निवडणूक झाली तेव्हा हम्मादी शेवटच्या दुखण्यात होता आणि मी त्याच्या उशाशी. म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडायचा हा माझा पहिलाच दिवस. न्हाले, पेटीतली पांढरी चादर काढून पांघरली आणि दुपारी एकला शाळेच्या अंगणात बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. तीन वाजता माझी पाळी आली.

टेबलाशी प्राथमिक शाळेतली मास्तरीण होती. म्हणाली, "खाला, डावा हात दाखवा." शाई लावायच्या आधी बोट बघतात, कोणी दोनदा मत देऊ नये म्हणून. डाव्या हाताची तर्जनी. आणि माझी डावी तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत काळीकुट्ट.

असणारच. एकतीस वर्षं मी नवऱ्या मुलींना मेंदी लावते आणि वर हरकूसची काळी नक्षी काढते. अर्ध्या गाबेस शहरातल्या बायकांचे हात माझ्या हाताखालून गेलेत. परवा शुक्रवारीच एक लग्न होतं. आणि मी डावखुरी. आईने त्यापायी मारलं, शाळेत तो हात बाकाला बांधून ठेवला, सासूने त्या हातचं पाणी प्यायचं नाकारलं. जन्मभर जे बोट बाहीत लपवत आले, नेमकं तेच सरकारला हवंय.

मास्तरीण म्हणाली, यादीत तुमच्या नावापुढे सही नाही, म्हणजे तुम्ही मत दिलेलं नाही हे मला दिसतंय, पण बोट काळं आहे तर वरच्यांना फोन करून विचारते, तोवर बसा. मागून कोणीतरी म्हणालं, मनूबियाने सकाळपासून दहा मतं टाकलेली दिसतात. सगळी खोली हसली. मी कशाला बसतेय? बसा म्हणजे जा असंच की. चादर आवरली आणि निघाले.

मागोमाग शादली आला, गल्ली त्याला मानाने सी शादली म्हणते. हा समोरचा शेजारी, बलगा म्हणजे मऊ सपाता शिवतो, त्याच्या चामड्याच्या वासात आमची गल्ली तीस वर्षं नांदते आहे. पुरुषांच्या रांगेत तो दारापासून तिसरा होता, मी बघितलं होतं. म्हणाला, लल्ला मनूबिया, फोन लागला, परवानगी मिळाली, चला. मी त्याच्या तोंडावर दार लावलं. तर हा पायरीवर बसला. मी खिडकीच्या जाळीतून बघत होते. सूर्य मावळला, बांग झाली, गारठा पडला, हा आपला बसलेलाच. सहाला शाळेचं फाटक लागल्याचा आवाज आला, तेव्हा उठला, पायजमा झटकला आणि गेला. माझी फजिती कॅफेत रंगवून सांगायची तर शेवटपर्यंत बघायला नको?

आभार कशाचे मानू? वारा पडला होता. बस.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी दाराच्या कडीला डाळिंबांची पिशवी. शादली रस्त्याच्या पलीकडे दुकानाची फळी काढत होता, माझ्याकडे बघत नव्हता. पिशवी परत द्यायला गेले तेव्हा त्याचा डावा हात नीट दिसला. बोट स्वच्छ, शाईचा ठिपकासुद्धा नाही. आणि शेजारची नजीबा कालपासून राख, लिंबू, भांड्यांची पूड सगळं घासून बसली, तिचं बोट अजून निळंजांभळं. चामडं रंगवणाऱ्यांकडे काय एकेक औषधं असतात. लबाड. मला आधी सांगितलं असतं तर शुक्रवारच्या लग्नानंतर माझंही बोट पुसून निघालं असतं.

डाळिंबं ठेवून घेतली, फळांवर कसला राग. लाल आणि गोड निघाली. आभार झाडाचे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

निकाल आला. सत्तावीसातले दोघे उरले, कोणालाच निम्मी मतं नाहीत, म्हणजे महिन्याभरात पुन्हा मतदान. बातम्या दोनदा ऐकल्या. दुसरी संधी माणसाला कुठे मिळते? हम्मादीला मिळाली नाही.

पण बोट? काम थांबवलं तर हरकूस दोन आठवड्यांत जाईल, नख मुळापर्यंत कापलं की तेही येईल पांढरं. प्रश्न काम थांबवायचा आहे. दुर्राचं लग्न डिसेंबरात, बहुधा मतदानाच्याच सुमारास. दुर्रा म्हणजे नजीबाची धाकटी. तिच्या आईला मी मेंदी लावली, दोघी बहिणींना लावली. तिला नाही म्हणणार? आणि उजव्या हाताने मला चहा ढवळता येत नाही, नक्षी काय काढणार.

हे सगळं मी नजीबाला अंगणात सांगत होते. अंगणात सांगितलेलं गल्लीभर ऐकू जातं, असं ती म्हणते. संध्याकाळी शादली दोरा घेऊन दारात. म्हणाला, "बोटाचं माप द्या. कोकराच्या चामड्याचं टोपण शिवतो, तुम्ही काम करा, बोट आत कोरडं राहील."

मी म्हटलं, आणि त्याबद्दल? तो म्हणाला, त्याबद्दल काय? आता नाव घेईल, अमक्याला मत द्या म्हणेल, असं वाटून मी वाट बघत उभी. त्याने दोरा गुंडाळला, मापाची गाठ मारली आणि गेला. चलाख माणूस आहे, घाई करत नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

पहिलं टोपण जाड झालं. मेंदीचा गोळा कुठे संपतो आणि मुलीची कातडी कुठे सुरू होते, काही कळेना. शादली म्हणाला, दुसरं शिवतो, पुन्हा माप द्या. म्हटलं, बोट तेच आहे, चार दिवसांत वाढलं नाही. म्हणाला, दोरा हरवला.

शनिवार, ६ डिसेंबर

दुसरं सैल. पुन्हा माप. तीस वर्षं लोकांचे पाय बघून जोडे शिवणाऱ्याला एक बोट तीनदा मोजावं लागतंय. वय झालं त्याचं, नजर गेली. त्याची बायको वारल्याला यंदा सहा वर्षं होतील. मुली सूसला दिल्या, महिन्याकाठी येतात. जेवतो काय, देव जाणे. बार्लीच्या सुपाचा वाडगा नेऊन दिला, कारण खूप उरलं होतं.

मतदानाची तारीख पक्की झाली, २१, रविवार.

रविवार, ७ डिसेंबर

परदेशातून, ल्योंहून, मुन्सिफचा फोन. माझा एकुलता एक, दर रविवारी फोन करतो, देव त्याचं भलं करो. आज तब्येत विचारायच्या आधी मतदानाचंच काढलं. दोघांतला कोण निवडायचा, दुसऱ्याने काय वाटोळं होईल, अर्धा तास. मग म्हणाला, आई, तुला नाही कळायचं त्यातलं, मी सांगतो त्या चित्रासमोर खूण कर. मी हो हो म्हटलं. बापासारखाच आवाज झालाय त्याचा.

नजीबाने तिच्या उमेदवाराचा कागद माझ्या उशीखाली सरकवून ठेवला. दूधवाल्याने त्याच्या माणसाची शपथ घातली. औषधाच्या दुकानात गेले तर गोळ्यांबरोबर सल्लाही बांधून मिळाला. राहिला फक्त शादली. तो वरवर गरीब दिसतो खरा, पण तीन टोपणं उगाच कोणी शिवत नाही. टोपलीभर चामडं घातलंय म्हटल्यावर त्यालाही काहीतरी हवंच असणार.

मुन्सिफ सुखरूप आहे. त्याचे आभार मी रोज मानते, आज जरा दात खाऊन मानले.

गुरुवार, ११ डिसेंबर

तिसरं टोपण बसलं. असं बसलं की घातलंय हे विसरायला होतं. या वेळी करड्याचं मऊ कातडं, दुसऱ्या पेरावर बारीक बंद, आणि टोकाशी शिवण आतल्या बाजूला, नक्षीला घासू नये म्हणून. हे मी त्याला सांगितलं नव्हतं, त्याचं त्याला सुचलं. आज स्वतःच्या पायावर नक्षी काढून चार तास हात बसवला. पहिल्यांदा रेघ वेडीवाकडी, मग सरळ येऊ लागली. टोपण काढून बघितलं तर बोट आतून कोरं. एकसष्ट वर्षांचं बोट, पण अगदी लहान मुलाचं वाटलं मला.

शादलीने विचारलं, बसलं का? मी म्हटलं, चालेल. हे काही बरोबर झालं नाही. एवढं देखणं काम, आणि मी चालेल म्हटलं. आज आभार करड्याचे, सुईचे, आणि बरं, त्याचेसुद्धा.

अजून त्याने नाव घेतलेलं नाही.

बुधवार, १७ डिसेंबर

दुर्राची मेंदी. नजीबाचं घर बायकांनी भरलेलं, डफ वाजत होता, बदामाचे लाडू फिरत होते. मी टोपण घालून बसले तेव्हा जरा कुजबुज झाली, मग गाण्यात विरली. उजवा हात पुरा झाला. डाव्या हाताला घेतलं तर दुर्रा माझ्या कानाशी आली. म्हणाली, "खाला, हे बोट सोडा. मलाही रविवारी मत द्यायचंय."

माझा हात थांबला. एकतीस वर्षांत मी नवरीचं एक पेरही कोरं ठेवलेलं नाही. अर्धवट मेंदीने संसार अर्धवट होतो असं आम्ही मानतो, मी स्वतः कितीतरी मुलींना हे सांगून गप्प बसवलंय. तिची होणारी सासू समोरच बसलेली, तिने ऐकलं. डफ थांबला. ती म्हणाली, आमच्या घरात अपशकुनाची सून येणार नाही, मतं काय पाच वर्षांनी पुन्हा येतील, लग्न एकदाच. नजीबाचा चेहरा उतरला. दुर्राने बोट मुठीत घट्ट धरलं होतं. सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या, कारण मेंदीतला शकुन काय नि अपशकुन काय, हे ठरवणारी मीच.

मला ती खोली आठवली, ते हसणं, आणि माझं चादर आवरून निघणं. त्या दिवशी मी जरा बसले असते तर? हे मी आजवर वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. मास्तरीण बसा म्हणाली होती. जा नव्हती म्हणाली.

मी सासूबाईंना म्हटलं, मेंदी अर्धवट नाही राहत, मेंदी रविवारपर्यंत चालू राहते. लाल रेशमाची दोरी घेऊन ते कोरं बोट बांधलं आणि सांगितलं, हे मी राखून ठेवलंय, सोमवारी मी स्वतः पुरं करीन, तोवर मोडायचा अधिकार कोणाला नाही. असला काही रिवाज नाही. मी तिथल्या तिथे बनवला. पण एकतीस वर्षं म्हणजे काही कमी नाही, सासूबाई मान हलवून म्हणाल्या, असं असेल तर ठीक. डफ पुन्हा सुरू झाला. दुर्राने माझ्या गालाचं चुंबन घेतलं आणि माझी कानशिलं तिच्या मेंदीने माखली.

रविवार, २१ डिसेंबर

मत दिलं.

सकाळी आठला दार उघडलं तर शादली त्याच्या दुकानासमोर उभा, घासून पुसून, डोक्यावर नवी लाल टोपी. म्हणाला, मीही तिकडेच निघालोय. शाळेपर्यंत एक शब्द नाही. मला वाटलं आता, आता नाव घेईल. फाटकाशी आलो. तो म्हणाला, थंडी आहे, चादर नीट घ्या. आणि पुरुषांच्या रांगेत गेला.

तीच मास्तरीण. मी दारातच डावा हात पुढे केला. तिने बोट उलटसुलट बघितलं आणि हसली. म्हणाली, खाला, मागच्या वेळी मी तुमच्यामागे माणूस पाठवणार होते, पण तेवढ्यात एकजण धावत गेलेच. मग शाईच्या बाटलीत बोट बुडवलं. गार लागलं. कागद घेऊन पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले. दोन चित्रं. मुन्सिफ नाही, हम्मादी नाही, मुकादम नाही. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. खूण केली. डाव्या हाताने केली. काचेसारख्या पेटीत माझा कागद इतरांवर जाऊन पडलेला दिसत होता. बाहेर आले आणि अंगणातल्या खजुराखाली उभी राहून रडले, सांगून टाकते. दुर्राही नवऱ्याबरोबर आली होती, बोटाची दोरी सोडून. ती आणि मी निळी बोटं एकमेकींना दाखवत बसलो.

आज आभार मोजत नाही. आईचेसुद्धा मानले, जिने तो हात मोडला नाही.

शादली पुढे निघून गेला होता. त्यानेही मत दिलं, दुकानात बसला होता तेव्हा बोट निळं दिसलं.

सोमवार, २२ डिसेंबर

दुर्रा मेंदी पुरी करायला आली, सासूही बरोबर, रिवाज बघायला. पण शाईवर मेंदी चढेना. लिंबू चोळलं, राख चोळली, ढिम्म. तेव्हा मला शादलीचं औषध आठवलं. मी म्हटलं, थांबा, आणते. गल्ली ओलांडून त्याच्या दुकानात गेले आणि सांगितलं, मागच्या महिन्यात शाई ज्याने काढलीत ती बाटली द्या.

तो म्हणाला, कसली बाटली? मी काही काढलं नव्हतं.

म्हटलं, खोटं बोलू नका, दुसऱ्याच दिवशी बोट बघितलं मी, कोरं होतं. वहीत लिहिलंय. तो सुईत दोरा ओवत होता, ओवतच राहिला. बराच वेळ दोरा जाईना. मग म्हणाला, "मला शाई लागलीच नव्हती, लल्ला मनूबिया. मी तुमच्या पायरीवर होतो ना."

मी मनात हिशेब केला. दारापासून तिसरा होता. तीन तास बसला होता. मी विचारलं, परत जाऊन मत का दिलं नाहीत, शाळा कुठे लांब होती?

तो म्हणाला, "तेवढ्यात तुम्ही दार उघडलं असतंत तर? एकट्या गेल्या नसतात तुम्ही."

आणि मी म्हणाले होते, कॅफेत सांगायला बसलाय. लबाड, लिहिलंय मी. चलाख. चार आठवडे मी वाट बघत होते की हा आता नाव घेईल. घेतलंच नाही. बापाने मला कधी काही विचारलं नाही, नवऱ्याने कार्ड नेलं, मुलगा चित्र सांगतो, आणि ज्याने माझ्या बोटापायी स्वतःचं मत घालवलं, त्याने आजतागायत विचारलेलं नाही की मी कोणाला दिलं. माझ्या तोंडाला गल्ली घाबरते, आणि मी बाटलीशिवायच परत फिरले.

घरी येऊन शाईवरच मेंदी लावली. काळपट तर काळपट, पुरी तर झाली. दुर्रा म्हणाली, खाला, एकाच बोटाला दोनदा का लावताय? सासूबाई म्हणाल्या, वय. मी हो म्हटलं.

त्या गेल्यावर पुन्हा दुकानात गेले. टोपण परत करायला, असं नजीबाला सांगितलं. परत केलं नाही. शादलीला म्हटलं, "सी शादली, थंडीत पायरी गार असते. उद्यापासून आत बसत जा. चहाला."

त्याने मान खाली घातली आणि हो म्हणाला. मी घरी आले आणि किटली घासायला काढली. तीस वर्षं समोरासमोर राहतोय आम्ही, आणि त्याला चहात साखर किती लागते हे मला माहीत नाही. उद्या विचारीन.